एवढासा ओरखडा

माढ्यातल्या आमच्या गल्लीत कुत्र्याला कुणी दारात बसू देत नाही, पण मांजराला कुणी हाकलतही नाही. मांजर घरात वावरणारं जनावर, त्यानं तोंड लावलं म्हणून पाणी नापाक होत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कुत्र्यानं भांड्याला तोंड लावलं तर मात्र ते सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. पाक-नापाकचा हा हिशेब आम्हाला तोंडपाठ. भीतीचं मापही आम्ही त्याच हिशेबानं घेतो, हे मात्र कधी लक्षात आलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात परसातल्या सरपणाच्या ढिगामागं एक भटकी मांजरी व्याली. आमची धाकटी सहा वर्षांची. गुरुवारी असरच्या सुमाराला तिनं एक पिल्लू उचललं आणि मांजरीनं झडप घालून तिच्या मनगटावर पंजा मारला. दोन लाल रेघा उठल्या. अम्मांनी नातीला मोरीवर नेलं, तांब्याभर पाणी हातावर ओतलं आणि हळद दाबली. "बिल्लीच तो है. कुछ नै होता," असं म्हणून त्या तसबीह घेऊन बसल्या. आम्ही दोघं, म्हणजे तिचे अम्मी-अब्बा, चहा पीत होतो. तो आम्ही पुरा प्यायलो.

रात्री भाईजान कुर्डुवाडीहून आले. त्यांनी हात पाहिला आणि म्हणाले, "एखादं इंजेक्शन देऊन टाका." मग घरात नेहमीसारखा वाद सुरू झाला. रक्त कुठं आलंय? चावली थोडीच आहे, नख लागलंय. मांजरी पिसाळलेली असती तर पिल्लांना पाजत बसली असती का? पोरीनं खोडी काढली म्हणून तिनं मारलं, आई आहे ती. शिवाय उद्या जुम्मा. सगळी कारणं आमचीच होती आणि सगळी आम्हाला पटत होती.

अम्मा इतका वेळ गप्प होत्या. एकदम म्हणाल्या, "मेरे भाई कू भी इत्तासा पिल्ला हीच काट्या था."

हा मामू आम्हाला फक्त नावानं माहीत होता. लहानपणीच वारला, एवढंच. त्या रात्री कळलं की कुत्र्याचं पिल्लू चावलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पिल्लात कसलं विष, असं म्हणून आधी भाकरीतून कुणाचं तरी गावठी औषध दिलं. मग कुणीतरी शहाण्यानं सांगितलं म्हणून पोटातली चौदा इंजेक्शनं सुरू केली. तीन-चार झाल्यावर पोर पळून खालाच्या घरी लपलं. रडतंय बिचारं, म्हणून कुणी ओढून नेलं नाही. दीड-दोन महिन्यांनी त्याला पाणी गिळता येईना. यापुढं अम्मा बोलल्या नाहीत.

ती पोटातली इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या लसीची असत. डेव्हिड सेंपल या डॉक्टरनं कसौलीत १९११ मध्ये ती लस तयार केली आणि आपल्या देशात ती २००४ पर्यंत चालली. रोज एक, पोटात. क्वचित त्या लसीनंच एखाद्याच्या मज्जासंस्थेला इजा होई. आता ती इंजेक्शनं राहिली नाहीत. त्यांची भीती मात्र आमच्या गल्लीत अजून आहे.

शुक्रवारी सकाळीच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त आलं होतं का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणे आलं, एक म्हणे नाही. शेवटी धाकटीच्या झग्याच्या बाहीवर मोहरीएवढा तपकिरी डाग सापडला.

"काय लावलंत?"

"हळद."

"साबण?"

आम्ही काही बोललो नाही. भांडं सात वेळा धुणारं आमचं घर. मुलीचा हात आम्ही एकदा धुतला होता, तोही साबणाशिवाय.

डॉक्टरांनी तिला बेसिनपाशी उभं केलं, नळ सोडला, साबण हातात दिला आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं किती मोठी असतात ते तिथं कळलं. पोर कंटाळली, तिच्या चपला भिजल्या. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं, म्हणून साबण. हे जखम झाल्या झाल्या करायचं असतं, उशिरा का होईना, पण करायचंच. हळद, चुना, मिरचीपूड यांपैकी काही लावायचं नाही.

मांजरीची बाजू आम्ही मांडून पाहिली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तिनं का मारलं ते समजलं. म्हणून ती निरोगी आहे असं ठरत नाही. मांजर पंजे चाटत असतं, लाळ नखावर येते." माणसाला हा रोग जवळजवळ नेहमी कुत्र्यापासूनच होतो, शंभरातल्या नव्याण्णव वेळा, हेही त्यांनीच सांगितलं. पण लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही म्हटल्यावर त्या उरलेल्या एकावर पोर लावायची का? त्यांनी रेषा अशी आखून दिली: धड कातडीला नुसतं चाटलं तर काही नको. रक्त न येता खरचटलं तर लस. कातडी फाटून रक्त आलं, मग थेंबभर का असेना, तर लस आणि सोबत जखमेत सिरम. लसीचा असर व्हायला दिवस लागतात, तोवर सिरम राखण करतं.

मोहरीएवढ्या डागानं आमची पोर तिसऱ्या वर्गात गेली. पहिली लस दोन्ही दंडांवर कातडीत टोचून घेतली आणि सिरमसाठी त्याच दिवशी सोलापूर गाठलं. मनगटाला सुई लागली तेव्हा ती एवढी किंचाळली की आमच्यापैकी एकाला बाहेर जावं लागलं. दुसऱ्यानं तिला घट्ट धरून ठेवलं. मामूला धरणारं तेव्हा कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी मांजरीवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं होतं. चावणारं कुत्रं किंवा मांजर दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढची टोचणी थांबवता येते. लस मात्र आधीच सुरू करायची, वाट पाहत बसायचं नाही. अम्मा रोज फजरनंतर सरपणामागं डोकावून यायच्या आणि सांगायच्या, "है. पिला रही है." सहाव्या दिवशी ढीग रिकामा होता. मांजरी पिल्लांची जागा बदलतेच. मेली की गेली, कोण सांगणार? आम्ही शेजारच्या छपरांवर, किल्ल्याच्या बाजूला शोधलं, पण ती सापडली नाही.

म्हणून मग सगळी टोचणी पुरी करायची ठरली: तिसरा दिवस, सातवा, आणि अठ्ठाविसावा. शेजारच्या खाला म्हणाल्या, "एवढ्याशा ओरखड्याला एवढं?" त्यांना उत्तर अम्मांनीच दिलं, आणि ते इथं छापण्यासारखं नाही.

अठ्ठाविसावा दिवस जुम्म्यालाच आला. सकाळी टोचून घरी आलो तेव्हा मोरीवर साबणाची नवी वडी ठेवलेली होती. अम्मा नातीला म्हणाल्या, "हात धो. अच्छा धो." आणि स्वतः तिथंच पाटावर बसून राहिल्या.