नगरचे रणगाडे आणि गॅटलिंगचं गणित

गेल्या रविवारी ताईकडे नगरला गेलो होतो. (आता अहिल्यानगर, पण ताईच्या तोंडी अजून नगरच!) जेवण झाल्यावर भाचा मागे लागला, "मामा, टँक म्युझियमला चल ना." आर्मर्ड कोअरचं हे म्युझियम १९९४ साली सुरू झालं. इतकी वर्षं नगरला जातोय, पण आत पहिल्यांदाच गेलो.

भाचा रणगाड्यांमागे पळत होता, मी मात्र रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपाशी अडकलो. अशा गाड्यांच्या बुरुजात विकर्स मशीनगन असायची. परत येऊन साहेबांनी विचारलं, "मामा, आधी टँक आला की मशीनगन?"

प्रश्न भारी होता. आधी मशीनगन. टँक म्हणजे तिच्यावर काढलेला पॅच!

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना १८६२ साली रिचर्ड गॅटलिंगने आपल्या बंदुकीचं पेटंट घेतलं. हा माणूस डॉक्टरकी शिकलेला, पण दवाखाना कधी थाटला नाही. आधी पेरणीयंत्रं बनवायचा. हँडल फिरवलं की नळ्यांचा जुडगा गोल फिरायचा आणि एकेक नळी गोळी झाडायची. ही का बनवली, ते त्याने १८७७ च्या एका पत्रात लिहून ठेवलंय. सैनिक लढाईपेक्षा आजारानेच जास्त मरत होते. एक माणूस शंभर जणांचं काम करू लागला तर मोठं सैन्य लागणारच नाही, म्हणजे माणसं वाचतील. हसू नका, त्याने हे गंभीरपणे लिहिलं होतं.

मग आला हायरम मॅक्सिम. १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये त्याने हँडलही काढून टाकलं. गोळी सुटताना बंदूक मागे जो धक्का देते, तो तोवर फुकटच जायचा. मॅक्सिमने त्याच धक्क्याने रिकामं काडतूस बाहेर फेकलं, नवं आत घेतलं आणि परत झाडलं. मिनिटाला ६०० गोळ्या. नळी तापते म्हणून भोवती पाणी. इंजिनियर म्हणून वाचताना 'वा!' निघून जातं हो तोंडातून.

आणि मग आकडे दिसतात. १८९८ साली सुदानमध्ये ओमदुरमानला मॅक्सिम गन आणि तोफांपुढे एका सकाळी दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. ब्रिटिशांच्या बाजूला पन्नासच्या आत. १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत तेच ब्रिटिश जर्मन मशीनगनसमोर चालत गेले. एका दिवसात १९,२४० मृत. सैन्यं लहान झाली नाहीत, खंदक खोल झाले. त्यावर उपाय म्हणून त्याच सप्टेंबरात पहिले टँक रणांगणात उतरले.

भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली. याच जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. सोबतचे जवळपास सगळे पडलेले. त्यांनी दोन जखमींना गोळीबारातून, पाण्यातून, सुरुंगांमधून मागे आणलं आणि मग शत्रूची मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला जखम झाली तर बॉम्ब फेकून. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. "एकट्याने?" भाच्याने विचारलं. हो, एकट्याने. गॅटलिंगच्या गणितात हा माणूस कुठे बसतो, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर सुप्याजवळ चहाला थांबलो, तरी डोक्यात गॅटलिंगच. कारण तसली एक स्लाइड मीही बनवली आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत सहा जण दिवसभर रिपोर्ट जुळवायचे. मी ते काम ऑटोमेट केलं. डेमोत म्हणालो, "आता एकजण सहांचं काम करेल, बाकीच्यांना जास्त चांगलं काम करता येईल." टाळ्या पडल्या. तीन महिन्यांनी चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मला डबा शेअर करणाराही त्यातच होता. त्याला फोन करायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

स्क्रिप्टची तुलना बंदुकीशी करत नाहीये. तेवढा नाटकी मी नाही :) पण मी खोटं बोललो नव्हतो, आणि गॅटलिंगही बोलला नसावा. आम्ही दोघांनी फक्त मशीनचा हिशेब केला. वाचलेल्या माणसांचं काय करायचं हे ठरवणारा दुसराच कुणीतरी होता, आणि आम्ही त्याला काही विचारलं नाही.

उद्या नव्या प्रोजेक्टचं डिझाइन डॉक्युमेंट द्यायचंय. त्यात आज एक ओळ वाढवली: 'वाचलेल्या तासांचं काय करणार, आणि ते कोण ठरवणार?' मॅनेजरला आवडेल असं वाटत नाही. पण त्याआधी तो राहिलेला फोन करतो.