कोणाचं मोडलं?

राणीच्या बागेतल्या फुटक्या पुतळ्यांपुढे उभा राहून मी मनातून खूश झालो होतो. ‘बरं झालं’ हे शब्द तोंडातून बाहेर पडले नाहीत, इतकंच. त्या खुशीबद्दल लिहायचं आहे.

भायखळ्याच्या या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागे, झाडांच्या सावलीत ब्रिटिश अमदानीतले पुतळे ठेवले आहेत. व्हिक्टोरिया राणी, कॉर्नवॉलिस, वेलस्ली. एके काळी ते फोर्टात उंच चौथऱ्यांवर होते. १९६५ साली मोडतोड झाल्यावर तिथून हलवून त्यांना इथे आणलं गेलं.

माझ्या डोक्यात तेव्हा चापेकर होते. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी याच राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, गळ्यात खेटरांची माळ घातली. शाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हापासून ती आठवली की अंगावर काटा येतो. पुतळे फोडणारे त्यांचेच वारस, असं मी धरून चाललो होतो.

तिथून वळसा घालून पुढे आलो तर संग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी त्याला उचलताना क्रेन मोडली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जोडून तो पुन्हा उभा केला गेला. त्याच्यापाशी मी हळहळलो. घारापुरीच्या लेण्यात हात-पाय तुटलेले द्वारपाल पाहूनही असाच हळहळलो होतो, फोडणाऱ्यांना रानटी म्हणालो होतो.

आणि मग लक्षात आलं, की थोड्या वेळापूर्वी, याच बागेत, फुटलेला दगड पाहून मी सुखावलो होतो. कारागिराची मेहनत दोन्हीकडे होती. मोडतोड दोन्हीकडे होती. फरक एवढाच, की एक दगड ‘आपला’ होता आणि दुसरा ‘त्यांचा’.

हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं, म्हणूनच त्याची भीती वाटली. मी भिवंडीचा. १९८४ च्या मे महिन्यातल्या दंगलीनंतर जळालेले लूम मी लहानपणी पाहिले आहेत. लोखंडाचे काळे सांगाडे पाहून मोठी माणसं आधी विचारायची, “कोणाचा कारखाना?” उत्तर मिळाल्यावर ठरायचं, दुःख करायचं की गप्प राहायचं. त्या माणसांचा मला आजवर राग आहे. आणि मी काय केलं? मीही आधी मालकाचं नावच विचारलं. माझ्या हातात दगड नव्हता, यात माझं काही मोठेपण नाही.

चापेकरांचा आडोसाही मला घेता येईना. त्यांनी डांबर फासलं ते राणीची सत्ता जिवंत असताना, परिणाम भोगायची तयारी ठेवून. १९६५ मध्ये ती सत्ता जाऊन अठरा वर्षं झाली होती. मी तर त्याहूनही सुरक्षित होतो. मी फक्त हसलो.

पुढे राणीच्या त्या पुतळ्याबद्दल वाचलं. घडवला मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने, पण पैसा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा. त्यावरचे डांबराचे डाग काढले रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी. ज्याला मी ‘त्यांचा’ म्हणत होतो, त्यात आपली माणसं किती गुंतलेली होती! लाचारी, बंड, विद्या, सगळं त्या एका दगडाला चिकटलेलं आहे.

साम्राज्याबद्दलचा माझा राग गेलेला नाही. हे पुतळे पुन्हा चौकात जाऊ नयेत, असंच मला वाटतं. ते या झाडांखाली, माणसांच्या जवळ राहू देत. त्यांची मोडतोड बुजवू नये. शेजारच्या फलकावर नोबल, गायकवाड, चापेकर, गज्जर आणि १९६५ हे सगळं यावं, म्हणजे पाहणाऱ्याला एकाच बाजूला उभं राहून सुटका करून घेता येणार नाही.

मी पुरता बदललो, असा दावा करत नाही. मोडलेलं काही दिसलं की ‘कोणाचं?’ हा प्रश्न आजही माझ्या मनात पहिला येतो. तो मागे पडावा आणि आधी त्या मोडण्याचं दुःख व्हावं, एवढीच माझी धडपड आहे. भिवंडीत वाढलेल्या माणसाला हे इतक्या उशिरा कळावं, याची मात्र लाज वाटते.