तेरेझीनच्या तटाआड

प्रागहून मोटारीने उत्तरेकडे निघाले म्हणजे तासाभरात तेरेझीन लागते. विटांचे ठेंगणे पण रुंद तट, त्यांभोवती खंदक, आत काटकोनात आखलेले सरळ रस्ते आणि एका साच्यातून काढल्यासारख्या बराकी. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८० मध्ये हा किल्ला बांधावयास घेतला व त्यास आपली आई मारिया तेरेझा हिचे नाव दिले. त्याला शत्रूचा वेढा कधी पडला नाही. माणसे कोंडून ठेवण्याच्या कामी मात्र तो वेळोवेळी उपयोगी पडला.

नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी येथे ज्यू लोकांची कोंडवस्ती उभारली. युद्धापूर्वी सुमारे ७,००० माणसे राहात असलेल्या या गावात सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० माणसे दाटली होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे ३३,००० येथेच मेली आणि त्याहून कितीतरी अधिक पूर्वेकडच्या छावण्यांत धाडली गेली. आगगाडीत चढवितानाच प्रत्येकास एक क्रमांक मिळे. त्यापुढे कारभाराच्या लेखी तो क्रमांक म्हणजेच माणूस.

गावातील जुनी शाळा आता संग्रहालय झाली आहे. युद्धकाळात तिला एल ४१७ म्हणत आणि तीत दहा ते पंधरा वर्षांची मुले ठेवीत. एकेका वर्गात तिमजली फळ्यांवर सुमारे चाळीस मुलगे झोपत. रीतसर शिक्षणास बंदी होती. म्हणून एखादा दाराशी पहारा करी आणि आत धडे चालत. पहिल्या क्रमांकाच्या खोलीतील मुलांनी वाल्टर आयसिंगर या तरुण शिक्षकाच्या प्रोत्साहनाने आपले ‘श्किद प्रजासत्ताक’ स्थापिले. नाव रशियातील एका अनाथ मुलांच्या शाळेवरून घेतलेले. चिन्ह म्हणजे पुस्तकावरून ताऱ्याकडे झेपावणारे अग्निबाण-यान! जूल व्हर्न वाचलेल्या मुलांना दुसरे काय सुचणार?

या प्रजासत्ताकाचे ‘वेदेम’ नावाचे साप्ताहिक डिसेंबर १९४२ पासून १९४४ पर्यंत चालले. त्याची एकच प्रत निघे. आरंभी ती टंकलिखित असे. पुढे टंकयंत्राची फीत मिळेना तेव्हा हाताने लिहू लागले. शुक्रवारी रात्री सर्वांनी जमावे व ज्याने त्याने आपला मजकूर वाचावा, असा नेम होता. संपादक पेत्र गिन्झ अवघा चौदा वर्षांचा होता. लेखन कमी पडले की तो स्वतःच निरनिराळ्या नावांनी लिहून अंक भरून काढी. (संपादकाची ही अडचण कोणत्याही देशात चुकत नाही.) ‘तेरेझीनमधील भटकंती’ हे त्याचे सदर मला सर्वांत विलक्षण वाटते. जेथून बाहेर पडता येत नाही त्या गावातच हा मुलगा प्रवासी बनला. भटारखाना, अग्निशामक दल, प्रसूतिगृह आणि अखेर दहनगृहदेखील त्याने पाहिले व तेथील माणसांना प्रश्न विचारून वृत्तान्त लिहिले.

मुले या साप्ताहिकात मन रमवीत होती, असे म्हणणे मला अपुरे वाटते. मन रमविण्यासाठी कोणी मित्रांची उणी काढीत नाही. या पानांत थट्टा आहे, आणि शिस्तीवरून, अस्वच्छतेवरून, वागणुकीवरून ठणकावून केलेली टीका आहे. बरीच मुले टोपणनावांनी लिहीत. म्हणजे वर दिलेल्या क्रमांकाशेजारी स्वतः निवडलेले एक नाव उभे राही, आणि त्या नावाने लिहिलेल्या शब्दाचा जाब शुक्रवारी रात्री चाळीस सोबत्यांना द्यावा लागे.

जवळच्याच मुलींच्या गृहात हेच काम दुसऱ्या रीतीने चालले होते. व्हिएन्नाच्या चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रांडाइस डिसेंबर १९४२ मध्ये येथे आणल्या गेल्या. कागद मिळेना तेव्हा त्यांच्या शिष्या कचेरीच्या छापील नमुन्यांच्या पाठीवर चित्रे काढीत. बाईंचा आग्रह एकच: चित्रावर आपले नाव स्वहस्ते घालावे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑश्विट्झला नेण्यात आले. मागे राहिलेल्या दोन पेट्यांत सुमारे ४,५०० चित्रे निघाली. त्यांतील काही आज प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये पाहावयास मिळतात. फुले, फुलपाखरे, जेवणाचे टेबल, घराची खिडकी. आणि कोपऱ्यात नाव.

पेत्र गिन्झलाही १९४४ च्या सप्टेंबरअखेर त्याच वाटेने नेण्यात आले. त्याने काढलेल्या ‘चांद्रभूमी’ या चित्रात चंद्राच्या उभ्या कड्यांमागून पृथ्वी दिसते. त्याची एक प्रत इलान रामोन यांनी ‘कोलंबिया’ यानातून अंतराळात नेली होती. कल्पना चावला त्यांच्या सहप्रवासी होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. पेत्रचा तो पंचाहत्तरावा जन्मदिवस होता.

पहिल्या खोलीतून गेलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी पंधराच वाचली. त्यांतला एक, झ्देनेक टाउसिग, अखेरपर्यंत तेरेझीनमध्येच राहिला होता. त्याने ‘वेदेम’ची सुमारे ८०० पाने लोहारशाळेत दडवून ठेवली आणि मुक्ततेनंतर ती प्रागला आणली. पुस्तकरूपाने ती बाहेर पडण्यास मात्र आणखी सुमारे पन्नास वर्षे लागली.