लोखंडाचं माळवद

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका जुन्या घराची भिंत रातोरात बसली. सकाळी बघायला गर्दी. आत कोनाडे, फडताळ, देव्हारा सगळं उघड्यावर, आणि वर माळवद जसंच्या तसं. मामा म्हणाले, "भिंत नुसती आडोशाला असती. घर खांबावर असतंय." हे वाक्य डोक्यात घेऊनच मी दिवाळीनंतर मुंबईला निघालो.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या उमापूरहून शेवगाव, मग नगर, माळशेज घाट उतरून कल्याण, असा दिवसभराचा प्रवास. वाटेत कापसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे चाललेल्या. ट्रॉलीमागे गाडी अडकली की चालक वैतागायचा. मला मात्र घाई नव्हती. जी इमारत बघायला निघालो होतो, तिच्या पायातही कापूसच होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, इथल्या कापसाला भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने १८६२ पासून फोर्टची तटबंदी पाडायला घेतली आणि समोरच्या एस्प्लनेड मैदानाच्या कडेला जागा मोकळ्या झाल्या. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या. तरीही जॉन वॉटसन नावाच्या इंग्रज कापडव्यापाऱ्याने अशाच एका जागेवर १८६७ ला हॉटेलचं काम काढलं.

काळा घोड्याला उतरलो. आजूबाजूला सगळी दगडाची भक्कम घराणी: डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग. त्यांच्यात वॉटसनची ही एक काटकुळी. फुटपाथच्या कडेने ओतीव लोखंडाचे खांब, त्यांच्यावर मजल्यामागून मजले लांबलचक सज्जे. एका खांबाजवळ उभा राहिलो. रंगाचे पापुद्रे इतके जाड की खालची नक्षी बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. नखाने टकटक केलं. दगड असा वाजत नाही.

नकाशा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं आणि सेंट पँक्रास स्टेशनच्या छपराचं काम याच्या हातून गेलेलं. त्याने अख्खा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून घेतला. सुटे भाग जहाजाने आले आणि इथे बोल्टांनी जोडले गेले. त्या काळी लोखंडी खांब आतून घालायची पद्धत होती, पण बाहेरचा भार जाड भिंतच पेलायची. इथे तसं नाही. खांब आणि तुळया सगळं वजन उचलतात, विटा फक्त मधल्या चौकटीत भरलेल्या. नुसत्या आडोशाला! शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला गगनचुंबी इमारतींची आजी म्हणतात, ती १८८५ ची. ही १८७१ ची. सगळा भार लोखंडी सांगाड्यावर पेलणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या बहुमजली इमारतींत अभ्यासक हिला धरतात.

माळवदाचं तंत्र लोखंडात, असं मी म्हटलं तर इंजिनिअर हसतील. हसू देत. सागवानी खांब, त्यांवर तुळया, दोन खांबांमधला खण, आणि वर पांढरी माती; आमच्या सुतारांनी हेच केलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या, पण खण धड होता तिथे छत पुष्कळदा उभं राहिलं.

वॉटसन हॉटेलची कीर्ती बहुतेकांना वेगळ्याच कारणांनी ठाऊक असते. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथे दाखवली गेली. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला आणि सज्ज्यातल्या कावळ्यांवर पानं लिहून बसला. १९०३ ला ताजमहाल हॉटेल उघडलं आणि इथली रया गेली. पुढे हॉटेल मिटलं, खोल्यांच्या खोपट्या झाल्या, नाव एस्प्लनेड मॅन्शन पडलं. शेजारी सेशन्स कोर्ट, हायकोर्ट हाकेच्या अंतरावर. वकिलांनी जागा धरल्या.

तेव्हाची इमारत मी बघितलीय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नातेवाइकाबरोबर कागद घेऊन आलो होतो. जिन्यावर विजेच्या मीटरांची रांग, वायरींचे गुंते, पोटमाळ्यावर पोटमाळे, सज्जे पत्रे ठोकून बंद केलेले. वकीलसाहेबांच्या टेबलाखाली पाय घालायलाही फायलींची परवानगी लागायची. ऑर्डिशने हलकी केलेली इमारत आपण शंभर वर्षं जड करत राहिलो. भाडं गोठलेलं, मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. २००५ च्या जूनमध्ये जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंत हिचं नाव आलं. जुलैत सज्ज्याचा भाग कोसळून एक माणूस गेला. २०१९ ला हायकोर्टाच्या आदेशाने ती रिकामी झाली. पाडावी असाही अहवाल आला, वाचवता येईल असं सांगणारेही पुढे आले.

माझं मत विचाराल तर पाडू नये. चौकटीतल्या विटा बदलता येतात, पोटमाळे काढता येतात. खांब धड आहेत तोवर घर आहे. काळा घोड्याला गेलात तर कॅफेकडे वळण्याआधी पलीकडच्या फुटपाथवरून पाच मिनिटं हिच्याकडे बघा. सज्जे बघू नका, खांब मोजा.