टपाची टिचबटणं

इंग्लंडमध्ये जेमतेम चार महिने ऊन. तेही सकाळी आलं तर दुपारी असेलच याची खात्री नाही. तरीही या देशाला उघड्या टपाच्या गाड्यांचं भलतंच वेड. का, हा प्रश्न इथे नव्याने आलेल्या प्रत्येक देशी माणसाला पडतो. मलाही पडला होता. पुढे इथेच पीएच.डी. झाली, नोकरी लागली, दहा-बारा हिवाळे काढले आणि उत्तर आपोआप मिळालं. ज्याला बारा महिने ऊन आहे तो सावली शोधतो, ज्याला चार महिनेच आहे तो त्यातला एक तासही छपराखाली घालवायला तयार नसतो.

आमच्या शेजारच्या काकू अशाच. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, पण 74 वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अजून अडखळते. म्हणून मनात काकू, आणि इथेही काकूच. त्यांच्याकडे 1972 सालची लाल एमजीबी आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. हल्ली पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर एमजीच्या गाड्या दिसतात, त्यांचं नाव तेच, घराणं मात्र वेगळं. ही एमजीबी 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, आणि मग 1980 मध्ये कारखानाच बंद झाला. पण एवढ्या गाड्या बनल्याचा फायदा असा की आजही तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. शिवाय 40 वर्षांहून जुन्या गाडीला इथे रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि 2018 पासून बहुतेक अशा गाड्यांना दरवर्षीची सक्तीची तपासणीही नाही. म्हणजे म्हातारी गाडी पोसायला सरकारची तशी काही आडकाठी नाही.

अडचण वेगळीच होती. गाडी काकूंच्या यजमानांची. ते चार वर्षांपूर्वी गेले. इंजिनाची देखभाल गावातला एक मेकॅनिक करतो, पण टप उघडणं-लावणं हे काम नेहमी यजमानांचं. काकूंच्या बोटांना संधिवात. त्यातून टपाची बटणं झिजलेली. मोटरवेवर वेग वाढला की मागचा कोपरा फटकन सुटायचा. एका उन्हाळ्यात तीन वेळा आभाळात ढग बघून त्या अर्ध्या रस्त्यातून परत आल्या. तीन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या त्यांच्या मुलाचं म्हणणं, आई, आता विकून टाक. त्याचंही चुकीचं नव्हतं. भर पावसात आई रस्त्याच्या कडेला उभी राहून कापडाशी झटापट करते आहे, हे चित्र कुठल्या मुलाला बघवेल?

काकूंनी त्याला एक अट घातली. "पावसात मला एकटीला टप लावता आला तर गाडी राहील. नाही तर ऑक्टोबरमध्ये विकून टाक." मग कुंपणापाशी येऊन मला विचारलं, "तू झिजेचाच अभ्यास करतोस ना?"

करतो खरा. माझं संशोधन घासणाऱ्या धातूंच्या झिजेवर आहे. या विषयाला ट्रायबॉलॉजी हे नाव मिळालं ते याच देशात, 1966 साली, पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालातून. झीज आणि घर्षण नीट हाताळलं तर ब्रिटनचे वर्षाला सुमारे 51.5 कोटी पौंड वाचतील, असा हिशेब त्या अहवालात मांडला होता. पण देशाचा हिशेब वेगळा आणि काकूंची बटणं वेगळी! एका शनिवारी पेटी घेऊन त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये बसलो.

आता ही बटणं कशी असतात ते सांगतो. आपल्याकडे झबल्याला टिचबटण असतं ना, त्याचाच हा मोठा आणि हुशार भाऊ. खाली गाडीच्या पत्र्यात बसवलेला पितळी खुंट, वर कापडात बसवलेली वाटी. साधं टिचबटण कुठूनही ओढलं तरी सुटतं. ही वाटी मात्र तीन बाजूंनी पक्की धरून ठेवते. जिथे एक बारीक टिंब उमटवलेलं असतं, त्या चौथ्या बाजूने उचललं तरच ती सुटते. वाऱ्याने ओढलं तर सुटू नये आणि माणसाने उचललं तर चटकन सुटावं, एवढीच त्यामागची युक्ती.

वारा किती ओढतो? ताशी 70 मैल वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे 60 किलो वजनाएवढा होतो. त्यातला निम्माच जरी टपाला वर खेचू लागला, तरी कापडावर एक लहान मूल बाहेरून लोंबकळतंय असं समजा. वेग निम्मा केला की दाब एकदम पाव होतो. म्हणून गावात फिरताना टप शहाण्यासारखा वागायचा आणि मोटरवेवर गेला की फडफडायचा.

खुंटांवरचा चकचकीत मुलामा गेलेला होता. आतलं पिवळं पितळ दिसत होतं आणि मानेपाशी खाच गोल होऊन गेली होती. वाटीतल्या स्प्रिंगा गंजलेल्या. जुन्या वाट्यांचे मागचे दात पक्कडीने सरळ करून त्या काढल्या, नव्या बसवल्या, दात पुन्हा दुमडले. पत्र्यातली भोकं गंजून मोठी झालेली होती. ती साफ करून थोडे जाड स्क्रू घेतले आणि प्रत्येक खुंटाखाली एक नायलॉनचा वॉशर व ग्रीस घातलं. पितळ आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले राहिले की लोखंड आधी झिजतं, आणि इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यातून हे सगळं ऊन असतानाच करायचं. थंडीत ते व्हायनिलचं कापड आखडतं, वाटी खुंटापर्यंत पोचतच नाही.

पुढे काचेच्या चौकटीला टप धरून ठेवणाऱ्या दोन कड्या होत्या. डब्याच्या खटक्याची कडी आठवा. दांडी दाबत नेताना आधी जड जाते, मग एका बिंदूपलीकडे गेली की स्वतःच 'टक्' करून बसते. इथे पिनेचं भोक झिजून लंबगोल झालं होतं, अर्ध्या मिलीमीटरहून थोडं जास्त. अर्धा मिलीमीटर म्हणजे काय, असं वाटेल. पण अशा कडीचा सगळा ताण दोन-तीन मिलीमीटरच्या ओढीतून येतो. त्यातला अर्धा गेला तर उरलं काय? भोक मोठं आणि गोल करून त्यात ब्राँझची बुश बसवली.

सगळं छान घट्ट झालं. इतकं की काकूंना कडी लागेना. मी पुढे झालो तर त्यांनी हात आडवा केला. "तू पावसात माझ्याबरोबर असणार आहेस का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. झिजलेला भाग नवा करून काम संपत नाही, तो कोणाच्या हातात जाणार आहे हेही मोजावं लागतं. ते मोजायचं यंत्र प्रत्येक देशी घरात असतं - विमानाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा! लोणचं, पापड, 23 किलोची मर्यादा आणि तो काटा, हे आमचं नातं फार जुनं. तो कडीच्या दांडीला अडकवून ओढला. साडेअकरा किलो. काकूंना किती जमतं? त्यांनी ओढून दाखवलं, सात. मग पोकळ नळीचा एक वीतभर तुकडा कापला. तो दांडीवर चढवला की तरफ दुप्पट लांब होते आणि जोर निम्मा लागतो. काट्यावर सहाच्या आत. प्रत्येक वाटीखाली चामड्याची छोटी पट्टी शिवली, म्हणजे टिंबाची बाजू बोटांनी चिमटीत न धरता मुठीने उचलता येते. आणि बटण लावताना अंगठ्याऐवजी तळहाताचा जोर द्यायचा.

त्या रात्री आईशी फोनवर बोलताना हे सगळं सांगितलं. आई मिरजेला एकटी असते. तिने एवढंच विचारलं, "त्यांचं कोणी नाही का?"

"मुलगा आहे, तीन तासांवर."

"बरं आहे की, तीनच तास," आई म्हणाली, आणि विषय बदलला.

त्यानंतर कितीतरी वेळ मी तो काटा हातात धरून बसलो होतो.

सप्टेंबरात परीक्षा झाली. काकू गाडीत, टप उघडा, आणि मी बागेचा पाइप घेऊन उभा. पहिल्यांदा साडेनऊ मिनिटं, तिसऱ्यांदा सहा. काकू नखशिखांत भिजल्या, पण मी एकदाही हात लावला नाही. खरं सांगतो, सगळ्या कामात तेच सर्वांत कठीण गेलं. पुढच्या आठवड्यात त्या एकट्या हन्स्टंटनच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आल्या. परतताना पाऊस लागला. संध्याकाळी मुलाला फोन करून त्यांनी सांगितलं तेही तेवढंच - पाऊस लागला होता. ऑक्टोबर आला आणि गेला. गाडी आहे.

डिसेंबरमध्ये घरी गेलो. आईच्या पुढच्या दाराची कडी गेली दोन वर्षं वरून ठोकल्याशिवाय लागत नव्हती. या वेळी स्क्रू, बिजागऱ्या, सगळं घेऊन गेलो होतो. बघतो तर कडी बदललेली. नेहमीपेक्षा एक वीत खाली, आणि दांडी चांगली लांब.

"सुताराला सांगितलं," आई म्हणाली, "तुझा हात पोचतो तिथे नको, माझा पोचतो तिथे लाव."

मी दोनदा लावून बघितली. एका बोटाने लागते.