कोठें अडलें?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलास प्रवेश मिळाला म्हणजे घरांत पेढे वांटले जातात, आणि पहिल्या सत्राचा निकाल लागला म्हणजे पुष्कळदां त्याच घरांत कुजबुज सुरू होते. बारावीपर्यंत पहिल्या पांचांत असणारा मुलगा एकाएकीं मंद कसा झाला, असा प्रश्न आम्हांस अनेक पालकांनीं विचारला आहे. आमचें शिक्षण मॅट्रिक व संस्कृत पाठशाळा एवढेंच; यंत्रशास्त्रांत आमची गति नाहीं. तथापि ज्यानें उभा जन्म मुलें शिकविण्यांत घालविला, त्यास मुलाचा धीर कोठें सुटतो हें कळावयास यंत्रशास्त्र यावें लागत नाहीं.

मुलगा मंद झालेला नसतो. परीक्षेची जात बदललेली असते. प्रवेशपरीक्षेंत चार उत्तरांतून एक खरें ओळखावयाचें असतें. महाविद्यालयांत कोरा कागद पुढें येतो व प्रत्येक पायरी स्वतः मांडावी लागते. त्यांत मराठी शाळेंतून आलेल्या मुलास सारे विषय इंग्रजींत ऐकावे लागतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०२१ सालीं कांहीं महाविद्यालयांस प्रादेशिक भाषांतून पदवीचें शिक्षण देण्याची अनुमति दिली. परंतु बहुतेक वर्ग अद्याप इंग्रजींतच चालतात. त्याच परिषदेच्या २०१८ च्या नमुना-अभ्यासक्रमांत आरंभींचे तीन आठवडे नव्या विद्यार्थ्यांच्या परिचयवर्गास दिले आहेत, हें योग्यच झालें. पण तीन आठवड्यांनंतर काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्यांतील मोठा वांटा घराचा आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू गेल्या माघांत पुण्याहून आला तो पुस्तकांची पेटी घेऊनच. गणित व आलेखन हे दोन विषय राहिले होते. "थोरले आजोबा, मला हें जमणार नाहीं. मी बी. एस्सी.ला जातों," असें तो खालीं मान घालून म्हणाला. वडिलांनीं फीसाठीं कर्ज काढलेलें. घरांत दोन दिवस कोणी मोकळेपणीं बोलेना. तिसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास विचारलें, "नक्की कोठें अडलें?" तो म्हणाला, "सगळेंच."

हें 'सगळेंच' आमच्या चांगल्या ओळखीचें आहे. लांबलचक श्लोक पाहून विद्यार्थी असेंच म्हणतो. तेव्हां शिक्षक अर्थ सांगत बसत नाहीं. क्रियापद कोणतें? कर्ता कोण? कर्ता कसा? असे प्रश्न तो करीत जातो. यालाच खंडान्वय म्हणतात. चार प्रश्न झाले म्हणजे मुलास कळतें कीं आपण साऱ्या श्लोकास नव्हे, एका शब्दास अडलों आहों.

तीच रीत आम्हीं येथें चालविली. निष्पन्न झालें तें इतकेंच कीं, शंकु कापला असतां छेद कसा दिसेल हें त्याच्या डोळ्यांपुढें येत नव्हतें. आमचें कुटुंब लोणच्यासाठीं गाजरें चिरीत होतें. गाजर म्हणजे जवळजवळ शंकूच! सुरी त्याच्या हातीं दिली. आडवा काप घेतला तेव्हां वर्तुळ निघालें. तिरपा घेतला तेव्हां लंबवर्तुळ. बाजूच्या उताराशीं समांतर घेतला तेव्हां अन्वस्त. समीकरणें त्यास बारावीपासून पाठ होतीं. आकृति त्यानें प्रथमच हातीं धरली. त्या वर्षीं लोणच्याच्या फोडी नाना आकारांच्या झाल्या. पुढें आलेखन सुटलें. गणित अद्याप राहिलें आहे. परंतु आतां तो 'सगळेंच' म्हणत नाहीं, 'तिसऱ्या पायरीवर अडतों' म्हणतो, आणि तेवढाच प्रश्न घेऊन अध्यापकांकडे जातो.

मुलास धीर यावा म्हणून घरोघर सर विश्वेश्वरय्यांचें नांव घेतात. १८८३ सालीं ते पुण्यास अभियांत्रिकीच्या परीक्षेंत पहिले आले, हें खरेंच. परंतु तत्पूर्वीं १८८१ सालीं ते बंगळुरास बी. ए. झाले होते, आणि तेंहि शिकवण्या करून, हें कोणी सांगत नाहीं. अठरा वर्षांच्या मुलापुढें नुसता पहिला क्रमांक ठेवला तर तो दबतो; मागची वाट दाखविली तर तो चालूं लागतो. चुलतभावाच्या गुणांशीं तुलना करणें त्याहून वाईट. नुसत्या स्तुतीचाहि उपयोग नाहीं, कारण स्वतःचे गुण मुलास ठाऊक असतात. मात्र मुलगा जेवेनासा, झोपेनासा, बोलेनासा झाला तर अभ्यासाची गोष्ट बाजूस ठेवून त्यास जवळ घ्यावें व वैद्यकीय सल्ला घेण्यास संकोच करूं नये.

येत्या सत्राचा निकाल लागेल तेव्हां 'किती मिळाले?' याच्या आधीं 'कोठें अडलें?' असें वडीलधाऱ्यांनीं विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.