पलीकडची बाजू

आमच्या रूमच्या मधोमध खडूची एक रेघ होती. सेकंड इयरला रूम मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात मी ती मारली. रेघेच्या अलीकडे मी. कॉटवर घडी न मोडलेली चादर, भिंतीवर टाइमटेबल, कव्हरं घातलेली जर्नल्स. रेघेच्या पलीकडे माझा पार्टनर. तिथे सोल्डरिंगचे थेंब, चार तारांची गिटार (दोन तुटलेल्या), आणि मोजे कुठले धुतलेले नि कुठले नाहीत हे फक्त त्यालाच, तेही वासावरून, कळायचं. रेक्टर सर एकदा राउंडला आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "ही एक रूम आहे का दोन?"

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? हॉस्टेलच्या दर दुसऱ्या रूमची हीच कथा. कबूल! पण आमच्या रूममध्ये थर्ड इयरला एक रेकॉर्ड आली. रेकॉर्ड म्हणजे खरीखुरी, काळी, बारा इंची तबकडी. तिच्यामुळे मला त्या रेघेबद्दल जे कळलं ते लिहिण्यासाठी हा उद्योग.

झालं असं, की मिनी प्रोजेक्टला आम्ही दोघं एका ग्रुपमध्ये पडलो. रोल नंबर शेजारी, दुसरं काय! पार्टनरने पुण्याच्या जुन्या बाजारातून मोटर नसलेला एक रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला. विषय ठरला: टर्नटेबलचा क्लोज्ड लूप स्पीड कंट्रोल. तबकडी मिनिटाला बरोब्बर ३३⅓ वेळा फिरली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. सर्किट आणि रिपोर्ट माझ्याकडे, यांत्रिक भाग आणि प्रोग्रॅम त्याच्याकडे. आता प्लेअर चालतो की नाही हे पाहायला एक तरी रेकॉर्ड हवी. त्याचा मामेभाऊ अमेरिकेत मेरीलँडला असतो. तो दिवाळीला अकोल्याला आला तेव्हा पार्टनरने त्याच्याकडून चॉकलेटं न मागवता रेकॉर्ड मागवली होती.

कव्हरवर दोन नावं. फेथ आणि व्हॉइड. मला वाटलं एक बँड आहे आणि दुसरं अल्बमचं नाव. पार्टनर म्हणाला, "नाही बे, दोन बँड आहेत. एका बाजूला हे, एका बाजूला ते. स्प्लिट म्हणतात याला."

दोन बाजू म्हटल्यावर मला आमच्या घरची कॅसेट आठवली. एका बाजूला अभंग. दुसऱ्या बाजूला आत्याने रेडिओवरून भरलेली सिनेमाची गाणी. अभंगाची बाजू संपली की बाबा कॅसेट पलटत नसत, पुन्हा मागे नेऊन तीच लावत. आत्याची गाणी अख्ख्या लहानपणात मी एकदाही पूर्ण ऐकली नाहीत. माझ्या लेखी 'दुसरी बाजू' म्हणजे उरलेल्या टेपवर काहीतरी भरलेलं.

असो. एका रविवारी रात्री प्लेअर उभा राहिला. फेथची बाजू लावली. बारा गाणी, सगळी धावणारी, पण एका रांगेत! ड्रम, बास, गिटार, ओरडणारा गायक, सगळे एकत्र सुटतात आणि एकत्र थांबतात. हार्डकोअर पंक हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. आवडला म्हणणार नाही, पण त्यातली शिस्त मला कळली. रेघेच्या अलीकडचं संगीत.

मग पार्टनरने तबकडी पलटली.

पहिल्या अर्ध्या मिनिटात मी उठून मल्टिमीटर घेतला. माझी खात्रीच पटली की प्लेअर बिघडला. गिटार किंचाळतेय, मधेच भलतीकडे जातेय, ड्रम जिन्यावरून गडगडत खाली आल्यासारखे, गायक घसा फाटेपर्यंत ओरडतोय आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी पोहोचायला बघतोय. "स्पीड गेला, बंद कर लेका!" मी ओरडलो. पार्टनर शांत. त्याने ट्यूबलाइट घालवली आणि निऑनचा इंडिकेटर दिवा तबकडीच्या मध्यावर ठेवलेल्या स्ट्रोब डिस्कवर धरला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. निऑनचा दिवा त्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तबकडीवर १८० रेघांची एक कागदी चकती ठेवायची. वेग बरोबर ३३⅓ असेल, तर दोन लुकलुकींच्या मधे चकती नेमकी एक रेघ पुढे जाते आणि डोळ्यांना रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडच्या चकतीवर २१६ रेघा. हिशोब करून बघा, व्हायवाला विचारतात!)

रेघा उभ्या होत्या. ढिम्म. बिघाड प्लेअरमध्ये नव्हता. ते संगीतच तसं होतं.

"आता बोल," पार्टनर म्हणाला.

बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी वाचायला लागलो. ही रेकॉर्ड १९८२ सालची. वॉशिंग्टन डी.सी.च्या डिसकॉर्ड रेकॉर्ड्स या कंपनीची आठव्या नंबरची. कंपनी म्हणजे काय, तर विशीच्या आसपासची पोरं! १९८० मध्ये टीन आयडल्स नावाचा त्यांचा बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठवलेले जवळपास ६०० डॉलर गल्ल्यात होते. आपण काय केलं असतं? वाटून घेतले असते, नाहीतर पार्टी. त्यांनी त्या पैशात स्वतःची रेकॉर्ड काढली. कव्हर कसं करतात हे माहीत नव्हतं, म्हणून दुसऱ्या एका रेकॉर्डचं कव्हर उसवून पाहिलं आणि तशी कव्हरं हाताने कापून, दुमडून, चिकटवून तयार केली. त्यातला इयन मॅकाय पुढे मायनर थ्रेट या बँडचा गायक झाला. फेथचा गायक अलेक हा त्याचाच धाकटा भाऊ. म्हणजे फेथ घरचे. व्हॉइड मात्र बाहेरचे. त्यांचं गाव मेरीलँडमधलं कोलंबिया, वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्या मधे १९६७ साली आखून वसवलेलं. तिथल्या आखीव रस्त्यांतून हा गोंधळ बाहेर पडला!

दोघांनी एक तबकडी वाटून घेण्यात व्यवहारही आहे. रेकॉर्ड काढायची तर आधी आवाजाची खाच मास्टरवर कापायची, त्यावरून धातूचे साचे करायचे, दोन साच्यांमधे गरम प्लास्टिक दाबायचं, मग कव्हर छापायचं. गाणी कमी असोत की जास्त, यातला बराचसा खर्च सुटत नाही. या बँडांची गाणी एवढीएवढीशी, बहुतेक दोन मिनिटांच्या आत संपणारी. मग एकाच तबकडीवर दोघं. खर्च एकदाच, आणि एकाचे चाहते आपोआप दुसऱ्याला ऐकतात. थोडक्यात टीटीएमएम.

पण टीटीएमएमपेक्षा एक गोष्ट मला जास्त नवलाची वाटली. फेथची बारा गाणी, व्हॉइडची बारा गाणी. घरच्यांना जास्त, पाहुण्यांना कमी असं नाही. आणि घरच्यांनी पाहुण्यांना 'जरा नीट वाजवा, आमच्या शेजारी शोभत नाही' असंही केलेलं ऐकू येत नाही. बाजू तुझी, तू वाजव. गंमत म्हणजे आज या रेकॉर्डबद्दल बोलताना पुष्कळ जण आधी व्हॉइडची बाजू काढतात. निर्वाणाच्या कर्ट कोबेनने स्वतःच्या आवडीच्या पन्नास अल्बमची हाताने यादी लिहिली होती, त्यातही ही रेकॉर्ड आहे.

हे सगळं मी वाचलं. पार्टनरला कौतुकाने सांगितलं. आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी मी जे केलं ते आता सांगतो.

सबमिशनची आदली रात्र. रिपोर्ट माझ्याकडे होता, सुबक, मार्जिन आखलेला. त्यात घालायला मी पार्टनरचा प्रोग्रॅम उघडला. बघवेना! कॉमेंट एक नाही, व्हेरिएबलची नावं ए, एए, एएए. आणि मधेच छत्तीस आकड्यांचा एक तक्ता. कुठून आला, कशासाठी, काही पत्ता नाही. पार्टनर मेसला गेला होता. त्याला विचारता आलं असतं. जिना उतरून मेस दोन मिनिटांवर. मी विचारलं नाही. तक्ता उडवला, प्रोग्रॅम पुसला, पुस्तकातला पीआयडी कंट्रोल स्वच्छ टाइप केला, आर्डुइनोवर चढवला. मोटर फिरली, माझं समाधान झालं. स्ट्रोब लावून बघायचं सुचलंही नाही. रिपोर्टमध्ये त्याच्या भागाला अर्धं पान दिलं, माझ्या भागाला नऊ. पहिल्या पानावर माझं नाव वर. अल्फाबेटिकली त्याचं वर यायला हवं होतं.

सकाळी एक्स्टर्नल आले. आम्ही प्लेअर चालू केला. सरांनी रेकॉर्ड बिकॉर्ड काही मागितली नाही. मागितली असती आणि आम्ही व्हॉइड लावलं असतं, तर वेगातला दोष ब्रह्मदेवालाही कळला नसता! सरांनी सरळ स्ट्रोबवर दिवा धरला. रेघा पुढे सरकल्या, थांबल्या, मागे सरकल्या. पुन्हा पुढे. प्रत्येक फेऱ्याला तेच. मी गेन कमी केला, जास्त केला. घाम फुटला. रेघा झुलतच राहिल्या.

पार्टनरने स्क्रीनकडे एकदा पाहिलं. त्याला लगेच कळलं. मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं ते असं: वेग मोजायला तबकडीखाली छत्तीस फटींची चकती होती. ती त्याने ब्लेडने, हाताने कापली होती. हाताने कापलेल्या फटी सारख्या कशा असणार? एक अर्धा मिलिमीटर इकडे, एक तिकडे. म्हणून त्याने रात्र रात्र बसून प्रत्येक फटीची चूक मोजली होती आणि तिची दुरुस्ती तक्त्यात लिहिली होती. एक फट मुद्दाम रुंद ठेवली होती, पहिली कोणती हे प्रोग्रॅमला समजावं म्हणून. मी तक्ता उडवला, तेव्हा बिचारा कंट्रोलर फटींतल्या चुकीला वेगातली चूक समजून सारखा मोटरला ढोसत बसला. माझ्या स्वच्छ प्रोग्रॅममध्ये काहीच चूक नव्हती. फक्त ही चकती कोणाच्या हातची आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्रोग्रॅम कोणी लिहिला?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायला की खोटं, हे आजही मला ठाऊक नाही. त्याच्या आधी पार्टनर म्हणाला, "दोघांनी, सर."

पास झालो. मार्क यथातथाच. पण पार्टनर त्या दिवसापासून माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो रेघेच्या पलीकडे राहायचा, नीट, एकही मोजा अलीकडे येऊ न देता. एवढी शिस्त त्याने दोन वर्षांत कधी पाळली नव्हती, आणि मला ती बघवत नव्हती.

बाराव्या दिवशी मी त्याचा जुना प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून शोधून काढला आणि प्लेअरवर परत चढवला. त्याचा तक्ता एकेक आकडा वाचत कळून घेतला. रिपोर्टची एक नवी प्रत काढली. ती आता कोणाला द्यायची नव्हती, मार्क लागून गेले होते. त्यात त्याचा भाग त्याच्या प्रोग्रॅमसकट, ए, एए, एएए सकट, जसाच्या तसा. नऊ पानं त्याची, नऊ माझी. वर कोणाचं नाव हा प्रश्न आला, तेव्हा दोन्ही एका ओळीत लिहिली, मधे तिरकी रेघ. रेकॉर्डबद्दल लिहिताना लोक दोन बँडांची नावं लिहितात तशी.

तो आला. प्रत चाळली. सतराव्या पानावर थांबून म्हणाला, "स्पेलिंग काहून नाही सुधारलं बे?"

"तुझी बाजू आहे," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. तबकडी काढली, फडक्याने पुसली आणि व्हॉइडची बाजू लावली. ट्यूबलाइट घालवली, निऑन धरला. रेघा उभ्या. या वेळी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत, बाराच्या बारा गाणी ऐकली. त्या गडगडाटाच्या खाली ड्रमवाला काय करतोय हे सातव्या-आठव्या गाण्यापाशी कुठे कळायला लागलं. तो चुकत नव्हता. तो दुसरंच काहीतरी मोजत होता.

फेथ १९८३ मध्येच मोडला. त्यातले तिघं पुढे इयन मॅकायबरोबर एम्ब्रेस या बँडमध्ये वाजवू लागले. व्हॉइडही फार टिकले नाहीत. ही तबकडी मात्र टिकली. आमचीही रूम आता दोन महिन्यांत सुटेल. रेकॉर्ड त्याची, ती अकोल्याला जाईल. प्लेअर कोणी न्यायचा यावर वाद चालू आहे.

खडूची रेघ अजून आहे. पुसली वगैरे नाही, उगाच सिनेमा नको. फक्त हल्ली ती ओलांडायच्या आधी मी विचारतो. आणि या सुट्टीत घरी गेलो की ती कॅसेट शोधणार आहे. आत्याची बाजू ऐकायची राहिली आहे.

— अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार